चाकरमान्यांना तारीख दिलीत, आता चाचणीही द्या

६ ऑगस्ट २०२०

प्रति,
राज्याच्या आरोग्य आणि परिवहन खात्यांचे मा. मंत्री व सचिव,
कोकणातल्या जिल्हा प्रशासनाचे सर्व अधिकारी,
तसेच गावोगावची ग्राम कृती दलं आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची मुंबई मंडळं यांस,

स. न. वि. वि.

आजपासून मुंबईच्या डेपोंतून कोकणच्या एसटी सुटणार आहेत. एका गाडीत २२ माणसं, तोंडाला मास्क, मांडीवर पिशवी, आणि त्या पिशवीत बहुतेक करून मखराचं सामान. २२ तारखेला गणपती. सरकारने परवा सांगितलं की १२ ऑगस्टपर्यंत जो येईल त्याने दहा दिवस विलगीकरणात राहायचं, आणि बारानंतर येणाऱ्याने ४८ तासांच्या आत केलेल्या कोविड चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट बरोबर आणायचा. एसटीने येणाऱ्याला जिल्हा ओलांडायचा ई-पास लागणार नाही.

निर्णय झाला हे फार बरं झालं. जुलैभर इथे ज्याचा त्याचा कायदा चालू होता. या गावाचा चौदा दिवसांचा ठराव, तर पलीकडच्या गावाचा ‘सात तारखेनंतर वेशीच्या आत पाऊल नाही’. कुठे दंड, कुठे वाडीच्या तोंडावर बांबू आडवे. मुंबईहून रोज फोन यायचे, “गुरुजी, नक्की काय ठरलं?” आणि मला उत्तर देता यायचं नाही. आता देता येतं, निदान तारखेपुरतं.

मी खेड तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. गावाच्या ग्राम कृती दलात, म्हणजे कोविडच्या कामासाठीच्या गावसमितीत, आहे. मार्चपासून शाळेत मुलं नाहीत, पण शाळा रिकामीही नाही. मे महिन्यात आमच्या वर्गांतून मुंबईहून आलेली कुटुंबं राहिली. जिल्ह्याच्या हद्दीवर कशेडी घाटातल्या नाक्यावर मी नोंदणीच्या ड्यूटीला उभा राहिलो आहे. या चार महिन्यांत जे पाहिलं त्यावरून एकच मागणं मागायचं आहे. तुम्ही आम्हाला दिवस मोजायला सांगितलंत, पण दिवस मोजून गावाची भीती जात नाही आणि आजारही सापडत नाही. चाचणी गावाजवळ आणा, फुकट करा, आणि तिचा निकाल एका दिवसात द्या.

आधी या दहा दिवसांचा हिशेब. बावीसातून चौदा गेले की आठ उरतात, म्हणून गावं म्हणत होती सातच्या आत या. बावीसातून दहा गेले की बारा, म्हणून सरकार म्हणतं बारापर्यंत या. दोन्ही हिशेब चतुर्थीपासून मागे मोजत आलेले आहेत. आजार मात्र आपली तारीख वेगळी धरतो. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत बहुतेकांना पाच-सहा दिवस लागतात, कुणाला दोन, कुणाला चौदाही. दहा दिवस निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही, एकटा माणूस वेगळ्या खोलीत राहिला तर दहा दिवसांत पुष्कळ कळतं. पण आमच्याकडे एकटा माणूस येत नाही. नवरा, बायको, दोन मुलं, कधी बरोबर भाऊ, असं घरच्या घर येतं आणि एकाच खोलीत राहतं. त्यातल्या एकाला आज असेल तर पाचव्या दिवशी दुसऱ्याला, दहाव्या दिवशी तिसऱ्याला. अकराव्या दिवशी आपण दार उघडून सांगतो, या आरतीला. त्या दिवशी त्या घरातल्या तिसऱ्या माणसाच्या अंगात आजार असतो आणि त्याला काहीही होत नसतं.

काहीही होत नसतं, हेच तर मुंबईत दिसलं. महापालिकेने तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं, त्याचे आकडे २८ जुलैला बाहेर आले. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांच्या अंगात या आजाराच्या प्रतिपिंडांची खूण सापडली. म्हणजे वस्तीत निम्म्याहून जास्त लोकांना तो होऊन गेला आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही. आमची माणसं अशाच दाटीत राहतात, सामायिक संडासाच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्यातले कितीतरी जण होऊन-बरे होऊन येतील, त्यांना घाबरण्याचं काहीच कारण नाही. थोडे जण आजार घेऊन येतील. या दोघांना वेगळं ओळखण्याचं साधन माझ्याकडे काय आहे? एक ताप मोजायची बंदूक. कशेडीला पावसात भिजत आलेल्या माणसाच्या कपाळावर ती धरली की कधी ९३ दाखवायची, कधी ९५. त्या आकड्यावर मी शिक्का मारून माणूस पुढे सोडला आहे. एकदा नाही, दिवसभर. तेव्हाही मला माहीत होतं की मी फक्त शिक्का मारतोय.

मे महिन्यातली एक गोष्ट सांगतो. मुंबईजवळच्या दिव्याहून एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. त्यांना दुसरीच्या वर्गात ठेवलं. बाकं भिंतीला लावून जागा केली. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती, मला ती पुसवली नव्हती. मुलीची आजी वरच्या वाडीतून दोन वेळा डबा घेऊन यायची. शाळेच्या गडग्यावर डबा ठेवायची, दहा पावलं मागे सरायची, मग नात येऊन तो उचलायची. आजी जायची नाही. आंब्याखाली उकिडवी बसून नात जेवेपर्यंत तिच्याशी बोलायची, गाईला वासरू झालं, मांजरी कुठे व्यायली, असलं काहीबाही. मध्ये वीस हात अंगण. नात जेवून भांडं विसळून गडग्यावर पालथं घालायची, आणि आजी त्या भांड्यावर राख टाकून, पुन्हा घासून घरी न्यायची.

चौथ्या दिवशी मुलीच्या आईला कणकण आली. नमुना घेतला. तेव्हा जिल्ह्यात प्रयोगशाळा नव्हती, नमुने घाट चढून बाहेर जायचे. निकाल यायला सहा दिवस लागले. गावाला मात्र निकाल त्याच संध्याकाळी लागला होता. दुसऱ्या दिवशी तीन घरांनी आजीकडचं दूध बंद केलं. तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिला सांगितलं, सगळ्यांचं झाल्यावर ये. चौथ्या दिवशी तिने डबा न्यायचा तो मधल्या वाडीतून न्यायचा नाही, वळसा घालून व्हाळाकडून न्यायचा, असं ठरलं. सत्तरीची बाई उन्हातून अर्धा कोस जास्त चालायला लागली. सहाव्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी कागद घेऊन तिच्या पडवीत गेलो. तिने तो हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “गुरुजी, ह्यो कागद पयल्याच दिशी आला असता तर?”

त्या तीन घरांतलं एक घर आजही तिचं दूध घेत नाही.

जूनमध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली. ती नसती तर आमचे काय हाल झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी धडपड केली त्यांचे आभार या पत्रात मानायलाच हवेत. पण नकाशा बघा. मंडणगडपासून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या घरात. महामार्गाचं चौपदरीकरण अर्धवट, खड्डे तेच, वर ऑगस्टचा पाऊस. गेले तीन दिवस तर वारा-पाऊस असा झोडपतोय की घराबाहेर पडवत नाही. प्रयोगशाळा जिल्ह्यात आली, पण नमुना द्यायची जागा अजून वाडीपासून दूरच आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका माणसाला नमुना द्यायला एका केंद्रावर पाठवलं. तीन तास रांगेत उभा राहिला आणि ‘आज किट संपले, उद्या या’ ऐकून परत आला. येताना रिक्षा मिळेना. कोविडची चाचणी करायला गेलेल्या माणसाला कोण रिक्षात घेणार? तापलेल्या अंगाने चालत घरी आला. पुन्हा गेलाच नाही.

आता घरातल्या विलगीकरणाबद्दल. कागदावर तो शब्द सुटसुटीत दिसतो. आमच्या घराला पडवी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसात एक संडास, तोही अनेकदा दोन भावांत मिळून. पाणी सामायिक विहिरीचं. त्यात ३ जूनच्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरांवरची कौलं-पत्रे नेले. अजून काही ठिकाणी ताडपत्रीखाली संसार आहे. तिथे आलेल्या मुलाला वेगळी खोली कुठून द्यायची? आणि घरात असतं कोण? कोकणातलं गाव म्हणजे म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी पोरं. कमावती माणसं सगळी मुंबईत. म्हणजे ज्यांना हा आजार सर्वांत जास्त खातो, नेमकी तीच माणसं दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी राहणार. साठीच्या पुढची, साखर असलेली, बीपीची गोळी दिवसाआड घेणारी. दम लागला की १०८ला फोन, मग कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय, नाही जमलं तर पुढे रत्नागिरी. या रस्त्यावर वेळ जातो, आणि या आजारात वेळ गेला की माणूस जातो.

बारा तारखेनंतरच्या रिपोर्टचं तर मला कोडंच पडलं आहे. बारानंतर कोण येणार? ज्याला आधी दहा दिवस रजा मिळत नाही तो. म्हणजे रुग्णालयातला वॉर्डबॉय, पालिकेचा सफाई कामगार, बेस्टचा कंडक्टर, इमारतीचा वॉचमन. ज्यांनी हे चार महिने मुंबई चालू ठेवली ती ही माणसं. त्यांना आपण सांगतो, स्वतःच्या खर्चाने चाचणी करून या. जूनमध्ये सरकारने खासगी चाचणीचा दर ४,५०० वरून २,२०० रुपयांवर आणला, घरी येऊन नमुना घेतला तर २,८००. दर खाली आला हे खरं, पण पाच माणसांच्या घराला तरीही अकरा हजार होतात. अर्ध्या पगारावर आलेल्या माणसाने ते कुठून आणायचे? आणि वेळेचंही गणित बघा. नमुना दिला सोमवारी सकाळी, रिपोर्ट आला मंगळवारी रात्री, गाडी मिळाली बुधवारी संध्याकाळी. कशेडीला पोचेपर्यंत ४८ तास उलटून गेलेले. मग नाक्यावरच्या माझ्यासारख्या मास्तराने काय करायचं? लहान मुलं पेंगुळलेली असताना गाडी परत फिरवायची? शिवाय त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की सोमवारी सकाळी नाकात विषाणू सापडला नाही. सोमवारी दुपारी ड्यूटीवर लागण झाली असेल तर त्या कागदाला ते ठाऊक नाही.

म्हणून विनंती आहे की आल्यानंतरची चाचणी धरा. जो बारापर्यंत आला त्याचा नमुना पाचव्या ते सातव्या दिवशी घ्या. तोपर्यंत आजार असेल तर बहुधा सापडतो आणि दहावा दिवस उजाडायच्या आत निकाल हातात असतो. सगळ्यांचाच जमत नसेल तर घरटी एकाचा तरी घ्या, जो मुंबईत रोज बाहेर पडत होता त्याचा. बारानंतर येणाऱ्याची चाचणी नाक्यावर किंवा तालुक्याला फुकट करा. रॅपिड अँटिजेन चाचणीला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जूनमध्ये परवानगी दिली आहे, अर्ध्या तासात निकाल मिळतो. ती चाचणी काहींना चुकवते हे मला माहीत आहे. पॉझिटिव्ह आला तर खरा धरायचा, आणि लक्षणं असून निगेटिव्ह आला तर प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर चाचणी करायची, हा नियम त्याच परवानगीत आहे. अर्ध्या तासात दहातले काही जण जरी सापडले, तरी तेवढी घरं वाचली.

नमुने एकत्र करून तपासायची मुभा आयसीएमआरने एप्रिलमध्येच दिली होती. पाच जणांचे नमुने एकत्र, एक चाचणी. निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आली तर मग एकेकाचा वेगळा तपास. जिथे बाधितांचं प्रमाण कमी आहे तिथेच हे चालतं, त्यामुळे मुंबईहून नुकत्या आलेल्यांसाठी ते बरोबर ठरेल असं मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी ठरवावं. पण गावातल्यांसाठी का नाही? किराणा दुकानदार, दूध घालणारा, पिठाची गिरणीवाला, रेशन दुकानातला मापाडी, गणपतीच्या कारखान्यातले रंगारी, भटजी. या पंधरा दिवसांत प्रत्येक घराशी ज्यांचा संबंध येणार आहे अशी गावात दहा-बारा माणसं असतात. चतुर्थीआधी एकदा आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर एकदा यांचे नमुने घेतले तर गावाचा अंदाज हाती येतो. सगळं उघडायचं असेल, आठवड्याचा बाजार, तालुक्यातली एसटी, पुढेमागे माझी शाळा, तर अशाच अंदाजावर उघडावं लागेल. आज आपण उघडतोय ते कॅलेंडर बघून.

आणि विसर्जनानंतरचा मुद्दा तर फार महत्त्वाचा आहे. २७ तारखेला गौरी-गणपती जातील. त्यानंतर दोन दिवसांत चाकरमानी परतीच्या गाड्या धरतील. नाक्यावरचे तंबू निघतील, बातम्या दुसरीकडे वळतील. गौरीच्या जेवणाला कुणाला लागण झाली असेल तर त्याला ताप कधी येईल? सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असतील, आणि ताप आला की ‘पावसात भिजलो असेन’ म्हणून काढा पिऊन गोधडीत शिरतील. कृपा करून तपासणीचा जोर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कमी करू नका. त्या दोन आठवड्यांत आशाताईंनी घरोघरी फिरून ऑक्सिजन मोजावा, ९४ च्या खाली दिसला की थेट गाडी बोलवावी. एका वाडीला एक ऑक्सिमीटर पुरतो, आणि तो मुंबई मंडळं सहज देऊ शकतात.

आशाताईंबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या आशाताई मार्चपासून एक दिवस घरी बसलेल्या नाहीत. त्यांना या कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळतात, म्हणजे दिवसाचे तेहतीस. छत्री स्वतःची, मोबाइल स्वतःचा, मास्कही बऱ्याचदा स्वतः शिवलेला. विलगीकरणातल्या घरी रोज जाऊन दारातून विचारपूस करायची, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी गेलं की सासूने अंगणातच अडवायचं. सगळ्यात आधी चाचणी कुणाची व्हायला हवी असेल तर त्यांची, दर पंधरा दिवसांनी, न मागता.

आता माझ्या गावकऱ्यांना आणि इतर ग्राम कृती दलांना. मित्रहो, जुलैच्या ठरावावर सही करणाऱ्यांत मीही होतो. दंडाचं कलम त्यात होतं आणि मी गप्प बसलो. ती चूक होती. सरपंचांनी पुढे ते काढलं, पण मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्यांना आपण वेशीवर अडवत होतो त्यांच्या मनीऑर्डरीवर आपलं देऊळ बांधलं गेलं, शाळेचं छप्पर झालं, वाडीचा रस्ता झाला. ज्या घरात तो राहणार ते घर त्याचं आहे. घाबरू नका असं मी कुणाला सांगणार नाही, घाबरण्यासारखंच आहे. पण आपली भीती माणसाला धरून बसली आहे. तिने नाक-तोंड झाकणं, अंतर, हवेशीर जागा यांना धरावं.

आणखी एक. बरा होऊन घरी आलेल्या माणसाकडे आपण ‘निगेटिव्हचा कागद’ मागतो. तो कागद त्याच्याकडे नसतो, कारण ८ मेपासूनचा नियमच तसा आहे. सौम्य लक्षणं असतील, दहा दिवस झाले असतील आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर पुन्हा चाचणी न करता घरी सोडतात. डॉक्टरांनी ज्याला सोडलं त्याला गावाने अडवायचं कारण नाही. सरकारलाही विनंती, हे एका साध्या कागदावर मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आमच्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच दिवशी त्याच्या बरोबर उलटंही आलं.

मुंबई मंडळांना माझं मागणं थोडं कडक आहे, मोठा भाऊ म्हणून ऐकून घ्या. नाक्यावर ताप दिसू नये म्हणून गोळी घेऊन येऊ नका. हे होतं, मी पाहिलं आहे. घरात कुणी पॉझिटिव्ह होऊन गेलं असेल तर निघायच्या आधी फोन करून सांगा, कुणी तुमचं नाव फळ्यावर लिहिणार नाही, ती जबाबदारी माझी. अंगात कणकण असेल तर या वर्षी येऊ नका. तुमच्या घरचा गणपती शेजारी बसवतील, आरती फोनवर दाखवतील. लालबागसारख्या मंडळाने या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव करायचं ठरवलं आहे. ज्या लालबागच्या रांगेत आपण रात्र-रात्र उभे राहायचो, तिथे जर हे होऊ शकतं, तर आपल्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीसमोर तीस माणसांनी टाळ कुटले नाहीत म्हणून देव रागावणार नाही. जाखडीचा नाच या वर्षी नको. घरोघरच्या आरत्यांना त्या-त्या घरातल्यांनीच उभं राहावं. मला स्वतःला भजनाचा नाद आहे, बंद खोलीत घसा ताणून गाणं हे सध्या सर्वांत वाईट, हे लिहिताना जीवावर येतं. पण अंगणात, चार जण, लांब-लांब बसून हळू आवाजात म्हणता येईल. पाऊस असला तर तेही नको.

धारावीत १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-साडेआठ लाख माणसं. तिथे लोकांनी चाचणीकडे यायची वाट पाहिली नाही, चाचणीच लोकांकडे गेली. गल्लीत तापाचे दवाखाने लागले, शाळांमधून आणि लग्नाच्या हॉलमधून माणसं वेगळी ठेवली, तिथेच जेवण दिलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. आमच्या गावांत तर वस्ती विरळ आहे, अंगणं मोठी आहेत, एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसं आहेत. जे धारावीच्या गल्लीत जमलं ते इथे न जमण्याचं कारण फक्त अंतर आहे, आणि अंतर गाडीने कापता येतं.

आमच्या बाजूने तयारी सांगतो. शाळेच्या तीन खोल्या झाडून, फिनाईलने पुसून ठेवल्या आहेत. एका खोलीला दोन दारं आहेत, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, नमुने घ्यायला तीच सोयीची पडेल. व्हरांड्यात दोन-दोन हातांवर चुन्याचे गोल मारले आहेत. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. गावातल्या एकाने नमुन्यांची पेटी खेडपर्यंत पोचवायला आपला टेम्पो देऊ केला आहे, डिझेल ग्रामपंचायत घालेल. १२ तारखेपर्यंत येणाऱ्यांची वाडीवार यादी तयार आहे, कोण कधी पोचला ते आशाताई रोज लिहितील, त्यामुळे कुणाचा पाचवा दिवस कधी ते आम्ही सांगू. शेजारच्या दोन गावांनाही इथेच आणता येईल, तिथल्या सरपंचांशी बोलणं झालं आहे.

सोळा ते अठरा ऑगस्ट या तीन दिवसांत एक तंत्रज्ञ आणि किट, एवढं हवं आहे. गाडी कितीला निघणार ते आदल्या दिवशी कळलं तर मी नाक्यावर येऊन थांबेन, कारण पावसात आमचा फाटा चटकन सापडत नाही.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक, ग्राम कृती दलाचा सदस्य
ता. खेड, जि. रत्नागिरी